उशेणेच्या दारात केवरी

निमोर गावात केवरीला सगळे हट्टी म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं घरामागच्या खडकाळ तुकड्यात कंद लावले. सासू बिराई उंबऱ्यावर बसून म्हणाली, "लाव, लाव. दगडाला पान्हा फुटेल." कंद आले. बिराईनं ते पोटभर खाल्ले आणि मीठ कमी पडलंय म्हणाली.

वर्षातला अर्धा काळ निमोरवर सावली असे. थोरला ग्रह सूर्याला झाकून टाकी आणि ओढ्याचं पाणी दगडासारखं होई. तेव्हा गाव जगायचं ते उशेणेच्या उबेवर. उशेणा डोंगराच्या पोटात राहते. तिथून जमिनीखालच्या शिरांमधून ती गावोगावी ऊब सोडते. पूर्वज ज्या जहाजातून आभाळ ओलांडून आले, त्याचं काळीज म्हणजेच उशेणा, असं काही जण म्हणत. बाकीचे म्हणत, ती आधीपासूनच डोंगरात होती, जहाजाला तिनंच खाली बोलावलं. सावलीत दोघंही तिलाच हात जोडत.

तिची आज्ञा घेऊन निरोपे येत. माणसाहून उंच, तीन बारीक पायांचे, धातूचे करकोचेच जणू. निरोप्याला स्वतःचा आवाज नसतो. ज्या घरी जाईल, त्या घरात शेवटी वारलेल्या माणसाच्या आवाजात तो बोलतो. अशानं माणसं निमूट ऐकतात.

बिराई गेली त्याच्या पुढच्या कापणीला एक निरोप्या लंगडत केवरीच्या अंगणात आला.

"बाळ केवरी," तो बिराईच्या आवाजात म्हणाला, "या सावलीत निमोरला ऊब येणार नाही. गाव रिकामं करा, वरच्या गावाला जा. उशेणेची आज्ञा आहे."

केवरीचा नवरा ताहू आईचा आवाज ऐकून मटकन खालीच बसला. केवरीनं मात्र विळा कमरेला खोचला.

"बाळ? आत्याबाई, जिवंतपणी एकदा तरी बाळ म्हणालात का? आता घालवून द्यायचंय तर जिभेवर साखर आली!"

"आज्ञा आहे."

"ऐकली. कारण सांगा."

"कारण मला दिलेलं नाही."

"मग मीच जाऊन विचारते. चला."

गावाची मुखीण ओसाना धावत आली. "केवरे, डोकं ठिकाणावर आहे ना? देवीला जाब विचारायला कुणी जातं का?"

"जाब कुठला? ऊब कुठं अडलीये तेवढं विचारून येते."

"आणि कोपली म्हणजे?"

"गाव तर उठवलंच तिनं. आणखी काय करणार आहे?"

निरोप्या बरोबर नसेल तर उशेणेचं दार उघडत नाही. म्हणून केवरी त्याच्या चालीनं चालली. मुरमाच्या चढावर त्याचा दुखरा पाय मोडला आणि तो आडवा झाला. केवरीनं शालीची झोळी केली, त्याला पाठीवर बांधलं आणि चढायला लागली.

"खाली ठेव," पाठीवरून बिराईचा आवाज आला. "झेपणार नाही तुला."

"शेवटच्या दुखण्यात तुम्ही याहून जड होतात, आत्याबाई. तेव्हा झेपलंच की."

निरोप्या म्हणाला, "मी ती नव्हे."

"ठाऊक आहे मला," केवरी धापा टाकत म्हणाली. "पण बोलत राहा. चढ लवकर सरतो."

दार उघडलं. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत तांबूस उजेड श्वास घेतल्यासारखा हलत होता. केवरीनं गुडघे टेकले नाहीत. ती उभ्यानंच म्हणाली, "माय, आमचं काय चुकलं?"

उशेणेचं उत्तर निरोप्याच्या तोंडून आलं. "काही नाही. जमीन हादरली तेव्हा निमोरची शीर आतून ढासळली. ऊब सोडते ती खडकातच मुरते. माझ्या दूतांना त्या भोकात शिरता येत नाही."

"आम्हाला येतं."

"म्हणूनच सांगितलं नाही. तुम्ही आत शिराल, आणि मराल."

"मरायचं का जगायचं ते आमचं आम्हाला ठरवू दे ना, माय. तू फक्त आमच्या शिरेतली ऊब थांबव, म्हणजे आत कुणी भाजणार नाही. आम्ही दगड काढतो."

"थांबवली तर पुन्हा वाहीलच असं नाही."

"आत्ता तरी कुठं वाहतेय?"

उजेड हलायचा थांबला. मग हळूहळू विझत एका कोपऱ्यापुरता उरला. केवरीला होकार समजला.

अर्धं गाव वरच्या गावाला निघून गेलं. मागे उरलेले आळीपाळीनं शिरेत उतरले, पोटावर सरपटत, कमरेला दोर बांधून. ओसाना जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती टोपली घेऊन पहिल्याच पाळीला हजर झाली. "माझ्याकडं बघत बसू नका," ती खेकसली, "दोर धरा!" सावली पडली, ओढा गोठला, तरी काम सरेना. एक दगड निसटून ताहूची दोन बोटं चेचली. त्या दिवशी केवरी शिरेच्या तोंडाशी बसून रडली आणि डोळे पुसून त्याच्या जागी आत गेली.

शेवटचा धोंडा फुटला तशी सगळी बाहेर येऊन थांबली. केवरीनं पाठीवरून परत आणलेला निरोप्या मोडक्या पायानं तिथंच टेकून बसला होता. त्यानं डोंगराकडं मान वळवली. खूप वेळ काहीच झालं नाही. मग ओसानानं पायातला जोडा काढून तळवा जमिनीला लावला आणि तोंडावर हात घेतला.

ऊब आली, पण पहिल्यासारखी नाही. निमोरच्या वरच्या आळीतली घरं तेवढी तगली. खालची शेतं कायमची गोठली आणि त्यांच्या मालकांना ती सोडावी लागली. त्यांतल्या एकीनं केवरीशी बोलणंच टाकलं. केवरीनंही तिला समजवायचा प्रयत्न केला नाही. आपला निम्मा कंदांचा वाफा तिला लावायला दिला.

"पुढच्या सावलीला पुन्हा ढासळली तर?" ओसानानं विचारलं.

"पुन्हा उतरू," केवरी म्हणाली आणि ताहूच्या हाताची पट्टी बदलायला घरात गेली.