लेझर बंद ठेवून

शेख सरांची एक सवय आमच्या केजच्या कॉलेजात चेष्टेचा विषय होती. लेझरचं कुठलंही सिम्युलेशन, म्हणजे नकली प्रयोग, संगणकावर चालवायचं, तर आधी ते लेझर बंद ठेवून चालवायचे.

"चूल न पेटवता भात शिजतो का बघताय व्हय?" मी विचारायची. भौतिकशास्त्र विभागात आमची टेबलं शेजारी होती.

"बराबर, मॅडम. आन् शिजला, तर त्यो भात खायचा न्हाई."

पन्नाशीत त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं होतं. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. त्याच्यावर प्रखर लेझर पडला की इलेक्ट्रॉन किती वेगाने उडतात, हे त्यांना काढायचं होतं. त्यासाठी संगणकात असंख्य कण काल्पनिक चौकटींच्या एका जाळीवर सोडतात. जाळी बारीक घेतली तर उत्तराला महिने लागतात. जाड घेतली तर काम लवकर उरकतं, पण कण विनाकारण तापू शकतात, म्हणजे खोटाच वेग घेतात.

मुदत संपत आली होती. शुक्रवारी प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. सरांनी घाईत जाळी जाड घेतली, सवयही मोडली, आणि सोमवारी उत्तर आलं. वेग अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. मार्गदर्शकांनी फोनवर अभिनंदन केलं. मी छपाई, बांधणी, विद्यापीठाची एसटी, सगळं ठरवून टाकलं.

बुधवारी सर आले ते घाम पुसत. त्यांना राहवलं नव्हतं. लेझर बंद ठेवून पाहिलं होतं.

"लेझर न्हाई, काई न्हाई, तरी कण तापायलेत. निम्मी गरमी माझ्या जाळीची हाय."

"परीक्षकांना कळणार आहे का ते?"

"न्हाई कळणार. त्याचंच भ्या वाटायलंय."

शुक्रवारी एसटी गेली. सर वर्गात शिकवत होते. मी मात्र दिवसभर घड्याळ बघत राहिले.

नोंदणी गेली. पुढे सर निवृत्त झाले. बारीक जाळीचं काम त्यांनी घरच्या जुन्या संगणकावर लावलं. गावात लाईट गेली की काम थांबलं का विचारायला मी सरांना फोन लावायची.

परवा त्यांचा फोन आला. "आलं, मॅडम. वेग लई कमी हाय. पण लेझरचाच हाय."

"आता कुठं पाठवणार, सर?"



"तुमी चहाला या," ते म्हणाले. "तुमाला दाखवतो."