खिडकी कोणत्या हाताला

…आणि बाबा अजूनही म्हणतात की निगमवाल्यांचं, म्हणजे तिथल्या महापालिकेचं, काही चुकलं नाही. म्हणू देत. पण दुर्गच्या अख्ख्या बोरसीत असा एक माणूस दाखवा, जो घरी पोहे विकायच्या आधी ऑफिसात जाऊन विचारतो की साहेब, विकू का?

आमच्याच रस्त्यावर एकाच्या गॅरेजमध्ये पिठाची चक्की आहे, एकीच्या हॉलमध्ये ब्युटी पार्लर. कोणी कोणाला विचारलं नाही. आमचे बाबा विचारून आले.

त्यांचंही एक आहे म्हणा. सगळी नोकरी भिलाईच्या प्लांटमध्ये गेली, आमचं लहानपण सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये. राहायचं क्वार्टरमध्ये, खरेदीला जायचं सिविक सेंटरला… घरात दुकान ही गोष्टच त्यांच्या डोक्यात बसत नाही. आणि प्लांटमध्ये तर परमिट हातात आल्याशिवाय नट पण ढिला करायचा नाही. रिटायर होऊन बोरसीत स्वतःचं घर बांधलं, तरी माणूस तोच.

मी पुण्याजवळ हायवेवर एका बर्गरवाल्याच्या ड्राइव्ह-थ्रूला खिडकीवर असतो. गाडी येते, मी पिशवी देतो, गाडी जाते. शाळा आठवीत सुटली, त्यानंतर कुठे टिकलो नाही, इथे टिकलो. पण मन काही लागत नाही…

म्हणून यावेळी सुट्टीत आलो तो प्लॅन घेऊनच. वहिनीच्या हातचा तर्री-पोहा, आणि कंपाउंडच्या भिंतीला खिडकी. गिऱ्हाइकाने गाडीतून उतरायचंच नाही. चाललं तर मी परत जाणार नाही, हे घरात सांगून टाकलं होतं.

दादाची ठेकेदाराकडची ड्युटी कधी असते, कधी नसते. त्यामुळे वहिनी लगेच तयार झाली. मिस्त्री बोलावून भिंत फोडली, वर पत्रा टाकला. बाबा खुर्चीवर बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून निगमात गेले.

मग तिथले सब-इंजिनिअर आले, स्वतःच्या कारने. तरुणच होते, नीट बोलले. म्हणाले, गाडीत बसून घेऊन जायच्या दुकानाचा वेगळा नियम तर मी पाहिला नाही. पण राहायच्या प्लॉटवर खाण्याचं दुकान टाकायचं तर जागेचा वापर कागदावर बदलून घ्यावा लागतो, आणि गाड्यांची लाइन आपल्या जागेत उभी राहिली पाहिजे, रस्त्यावर नाही. आमची जागा म्हणजे गेट, तुळस आणि बाबांची स्कूटर.

मी वाद घातला. गाडी थांबतेच किती वेळ? इकडून हात, तिकडून पिशवी, गेली. रोजचं काम आहे माझं, म्हटलं.

तर ते म्हणाले, "चलो, करके दिखाओ." आणि बाबांना म्हणाले, "अंकल, आप भी बैठिए." दोघं कारमध्ये बसून चौकातून वळून आले. मी आत खिडकीत, हातात पोह्याची प्लेट. कार भिंतीला अगदी चिकटून थांबली, काच खाली झाली… आणि समोर बाबा.

साहेब पलीकडे, स्टिअरिंगवर. त्यांचा हात काही पोचेना. एकटा माणूस गाडी घेऊन आला तर त्याने काय सीटवर आडवं व्हायचं? नाही तर उलट्या बाजूने यायचं, समोरून येणाऱ्या ऑटोंच्या अंगावर.

मी इतकी वर्षं खिडकीच्या आत उभा आहे. ड्रायव्हर नेहमी समोरच यायचा, म्हणून वाटायचं की भिंतीला खिडकी काढली की ड्रायव्हर समोर येतोच. त्याच्यासाठी तिथे अख्खी लेन आत फिरवून आणली आहे, हे कधी लक्षातच आलं नाही. गाडीत बसून मी तिथून कधी गेलोच नव्हतो ना…

बाबांनी प्लेट घेतली. मला वाटलं, आता साहेबासमोर ऐकवतील. ते खायला लागले. साहेबाच्या सीटवर तर्री सांडू नये म्हणून प्लेटखाली रुमाल धरला, सगळं संपवलं, आणि रिकामी प्लेट खिडकीतून मला परत दिली.

"पोहे मस्त झाले," म्हणाले. "खिडकी उलटी काढली बे तू."

"तुमाले माहीत होतं तर आधी सांगितलं कावून नाही?"

"मले कुठून माहीत? मी पण आत्ताच बसलो नं गाडीत."

वहिनी आत हसून राहिली होती. मला हसू आलं नाही. मिस्त्री पुन्हा येऊन विटा लावून गेला आणि मी दुर्गहून पुण्याची गाडी पकडली.

इथे आल्यावर वीकली ऑफला मित्राच्या व्हॅनमध्ये बसून आमच्याच लेनमधून गेलो. खिडकी बरोबर स्टिअरिंगवरच्या मित्राच्या उजव्या हाताला आली. माझ्याच शिफ्टमधल्या पोरीने पिशवी दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी पण कोणाकडे पाहत नसेन…

परवा बाबांचा फोन आला. आमच्या घरापासून पुढे मेन रोडला गाड्या धुवायचं वॉशिंग सेंटर आहे. एका गेटने आत, दुसऱ्या गेटने बाहेर, आणि जागा कमर्शियल. वहिनी सांगत होती, बाबा रोज तिथे जाऊन बसायचे, गाड्या कशा वळतात ते बघत. घरी सगळ्यांना वाटायचं, फिरायला जातात. मालकाशी बोलून बाहेरच्या गेटजवळची खोली ठरवून टाकली. त्या साहेबांना विचारूनही आले, ते काही सांगायला नको.

"खिडकी मी आखली," म्हणाले. "ड्रायव्हरच्या हाताले. सूनबाई सुरू करते. मंग तू ये."

मंग म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही, त्यांनी पण सांगितलं नाही. पण ये म्हणाले… आजपर्यंत फोनवर फक्त पोचला का, जेवला का, एवढंच असायचं.

खोलीचा अॅडव्हान्स भरायचा आहे. आज बावीस हजार पाठवतोय.