शेजारची सीट

मालतीकाकू बसमध्ये शिरल्या की रिकाम्या सीट सोडून कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसत. नॉटिंगहॅमचे इंग्रज बिचारे अंग चोरून खिडकीला चिकटत. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "अगं, एवढ्या थंडीच्या देशात लांब लांब बसून कसं चालेल?"

बेव्हर्ली त्यांना अशीच बसमध्ये भेटली. मूळची जमैकाची, हॉस्पिटलात नर्स, नवरा वारलेला. ऐंशीच्या दशकात कौन्सिलने आमचा कम्युनिटी हॉल बंद करायचं काढलं. तिच्या चर्चची मंडळीही तोच हॉल वापरत, म्हणून काकूंनी ठरवलं, दोघांनी मिळून कौन्सिलला जायचं. झालं, आमच्या मराठी मंडळात कुजबुज सुरू! आपण डॉक्टर लोक, आपली इमेज चांगली आहे, काळ्यांच्या भांडणात आपण कशाला पडायचं, असं चांगली शिकलेली माणसं म्हणत होती. तिकडे चर्चमध्येही, काम झालं की हे इंडियन ओळखसुद्धा देणार नाहीत, अशी बोलणी चालली होती.

"हॉलला कुलूप लागलं की दोघंही पावसातच उभे ना?" काकू एवढंच म्हणाल्या.

त्या गोंधळात संक्रांत आली. काकूंनी बेव्हर्लीला मैत्रिणींसकट हळदीकुंकवाला बोलावलं आणि तिलाही कुंकू लावलं. ती विधवा आहे, असं एकीने दबक्या आवाजात सुचवलं. "ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या आणि तिळगूळ वाटू लागल्या. पुढच्या आठवड्यात दोन्हीकडची माणसं, आमची थोडी नाकं मुरडत का होईना, एकाच बसने कौन्सिलला गेली. हॉल वाचला, आणि बेव्हर्ली दर संक्रांतीला येऊ लागली.

नव्वदच्या दशकात काका गेले. नंतरच्या संक्रांतीला काकू हॉलमध्ये आल्या खऱ्या, पण अगदी मागच्या, रिकाम्या रांगेत एकट्याच बसल्या. कुंकवाचं तबक पुढच्या रांगांतून फिरलं आणि त्यांच्यापर्यंत न जाताच परतलं.

बेव्हर्ली उठली. तिने तबक घेतलं आणि इतक्या खुर्च्या मोकळ्या असताना काकूंना अगदी खेटून बसली.

"माय टर्न, मालती," ती म्हणाली. आधी हळद, मग कुंकू, काकूंनीच शिकवलं होतं तसं.

काकूंनी रिवाजाप्रमाणे तिलाही उलट लावलं. मग पुढच्या रांगांतल्या बायका एकेक करून उठल्या आणि मागे येऊन बसल्या.