रकानाबाई आणि तिसऱ्या मजल्यावरची सुनावणी

आमच्या नगरपालिकेत, अंदाजपत्रकाच्या शाखेत ती एकवीस वर्षं हेडक्लार्क होती. खरं नाव फक्त पगारपत्रकावर. बाकी साऱ्या कचेरीत ती रकानाबाई. माझं टेबल तिच्या टेबलाला चिकटून होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि थोडंफार भोगलंही आहे.

आधी तिला असं कुणी म्हणत नव्हतं. अगदी नाकासमोर चालणारी बाई. दर वर्षी सगळ्या खात्यांचे तक्ते यायचे, ती मागच्या वर्षीचे आकडे बघून पुढच्या वर्षीचे टाइप करायची, लेखाधिकारी साहेब सही ठोकायचे. मागील पानावरून पुढे चालू, असा कारभार.

मग एका दुपारी बाजारातून फोन आला. तिची वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, भाजीच्या गाळ्यावर चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी पेलाभर. मग घरी गेल्यावर."

"अहो वहिनी, बारा तास कोरड्या घशानं बसता?" रकानाबाईचा विश्वास बसेना.

"पाण्याचं काय वन्सं, बादलीभर पिईन मी. पण मग जाऊ कुठं, ते सांगा!"

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिनं अंदाजपत्रक उघडलं. 'बाजार स्वच्छतागृह, स्त्रिया व पुरुष, देखभाल व दुरुस्ती.' तरतूद होती. दर वर्षी होती. अठरा वर्षं तिनंच ती ओळ टाइप केली होती. डबा तसाच टेबलावर ठेवून ती तडक बाजारात गेली. तिथं दोन दारं होती. एक उघडं, दुसऱ्याला कुलूप. रखवालदारानं कुलूप काढलं, तर आत झाडू, रंगाचे डबे आणि त्याची स्वतःची सायकल.

"हे बंद का?"

"बायका येत नाहीत ना."

"अरे, बंद आहे म्हणून येत नाहीत!"

"येत नाहीत म्हणून बंद आहे," रखवालदार शांतपणे म्हणाला आणि सायकलवरची धूळ पुसू लागला.

परत आली, पण डबा उघडला नाही. संध्याकाळी निघताना मला म्हणाली, "पैसा कशावर जातो ते मी इतकी वर्षं टाइप केलं. कुणाच्या पदरात पडतो, ते एकदाही विचारलं नाही रे."

पुढच्या तक्त्यांमध्ये शेवटी एक नवा रकाना आला: 'याचा उपयोग कोणाला होतो? मोजून लिहा.' साहेबांनी गठ्ठ्याबरोबर त्यावरही सही केली. खात्यांची उत्तरं आठवड्यात आली. मैदान, दिवाबत्ती, ग्रंथालय, रस्ते, सगळीकडे एकच उत्तर: सर्व नागरिक. तिनं तक्ते परत पाठवले, लाल शाईनं शेरा मारून. सर्व म्हणजे किती? त्यात बायका किती, म्हातारी माणसं किती, चालता न येणारी किती? नाव पडलं ते तेव्हा.

रस्त्यांचे अभियंते तरातरा वर आले. "बाई, रस्ता तो रस्ता. वरून बाई चालली की बुवा, रस्त्याला कळतं का?"

"रस्त्याला नाही कळत साहेब. पण पदपथ नसला की कडेवर पोर आणि हातात पिशवी घेतलेल्या बाईला बरोबर कळतं."

खरंखुरं मोजलं ते एकट्या ग्रंथपालानं. त्यानं लिहिलं, 'ग्रंथालय आठपर्यंत उघडं असतं, पण पाचच्या ठोक्याला मुली उठून जातात, कारण मागच्या गल्लीत दिवे नाहीत. उरलेले तीन तास आपण सात आजोबांच्या डुलक्यांवर खर्च करतो.'

शेवटी लेखाधिकारी साहेबांनी तिला बोलावलंच. "हा रकाना कुणाच्या परवानगीनं घातला?"

"तुमच्या. ही सही."

साहेबांनी कागद उजेडाकडे धरून आपलीच सही तपासली. माणूस वाईट नव्हता, कागदाला भ्यायचा इतकंच. "अहो, दर वर्षी आपण अंदाजपत्रकावर हरकतींची सुनावणी घेतो. एक माणूस येत नाही. म्हणजे लोक खूश आहेत!"

सुनावणी व्हायची तिसऱ्या मजल्यावर, मंगळवारी सकाळी अकराला. लिफ्ट नाही. त्या वर्षी रकानाबाईनं बाजारातल्या घड्याळजींना बोलावलं होतं. त्यांचे दोन्ही पाय लहानपणापासून लुळे, चाकाच्या खुर्चीवर बसून घड्याळं दुरुस्त करायचे. वर शिपायानं रिवाजाप्रमाणे पुकारा केला, "कुणाची हरकत आहे काय?"

जिन्याच्या तळातून खणखणीत आवाज आला, "आहे! पण ती जिना चढत नाही!"

साहेब तीन मजले उतरून खाली आले, घाम पुसत. घड्याळजी म्हणाले, "साहेब, तुम्हाला उतरताना धाप लागली. मला तर चढायला सांगताय."

"पण नियमाप्रमाणे..." साहेबांनी सुरुवात केली.

रकानाबाईनं नियमाचं पान उघडूनच ठेवलं होतं. "नियमात 'सोयीच्या ठिकाणी' असं आहे. कुणाच्या सोयीच्या, ते छापायचं राहिलंय."

साहेबांना हसू फुटलं, आणि हसलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. पुढच्या आठवड्यात सुनावणी बाजारात भरली, दुपारी तीनला, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. दोन गाळ्यांच्या मधे एक टेबल टाकलं. लिहायला मी.

आधी गाळ्यांवरच्या बायका एकमेकींनाच पुढे ढकलत होत्या. मग वहिनी उठली. जिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा, ती पहिल्यांदाच हळू बोलली. "आम्ही तहान मारून बसतो, साहेब. लेकीबाळींनाही तेच शिकवलंय." साहेबांनी मान खाली घातली आणि मला लिहायची खूण केली. मग मागून एक उठली, तिच्यामागून दुसरी, आणि अंधार होईस्तोवर एकशे त्रेचाळीस हरकती लिहिताना माझी बोटं वाकडी झाली.

सगळं मिळालं असं नाही. सभेत खूप ओढाताण झाली. या पैशासाठी चौकात होऊ घातलेलं कारंजं रद्द झालं, तेव्हा दोन सदस्यांनी सभात्याग केला. पण बाजारातलं दार उघडलं, पाण्यासकट, आणि बसस्थानकावर नवं स्वच्छतागृह बांधलं गेलं. ग्रंथालयाच्या गल्लीत दिवे लागले. पदपथ अर्धाच झाला. लिफ्टच्या पुढे 'पुढील वर्षी विचार करू' असा शेरा पडला. सुनावणी मात्र तळमजल्यावरच्या जुन्या गोदामात आली. रखवालदार महिनाभर फुगून होता, सायकल उन्हात तापते म्हणून.

तीन वर्षांनी रकानाबाई निवृत्त झाली. रकाना राहिला, आता तो छापूनच येतो. तिच्या खुर्चीवर मी बसतो. यंदाच्या सुनावणीला ती पहिल्या बाकावर होती, चष्मा नाकावर, मांडीवर वही. मी उभा राहून नमस्कार केला.

"बस रे," ती म्हणाली. "पान नऊ. शाळांच्या दुरुस्तीत मुलींच्या शाळेला इतकं कमी का, ते सांग आधी."

मी घाईघाईनं पान नऊ उघडलं. साहेबांकडे बघितलं, तर ते छताकडे बघत होते.