आत्याचा डावा तळहात

हा अनुभव लिहावा की नाही, हे माझं बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि तीही विज्ञान शाखेला, त्यामुळे आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेपुरतं. दुसरं कारण सांगायला जरा संकोच वाटतो. ज्या दिवसांत हे घडलं, त्या दिवसांत माझी श्रद्धा नेमकी कुठे आहे हे माझं मलाच कळत नव्हतं. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात असतं ते छोटं इष्टलिंग मी होस्टेलच्या पेटीत, कपड्यांच्या खाली, एका रुमालात बांधून ठेवलं होतं. कोणी सांगितलं म्हणून नाही. मैत्रिणी विचारायच्या, "हे काय गं गळ्यात?" आणि मला नीट उत्तर देता यायचं नाही, म्हणून.

आम्ही सास्तूरचे. घरात अर्धी मराठी, अर्धी कानडी चालते. मला वाढवलं ते माझ्या आत्यानं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचे यजमान गेले आणि ती भावाकडे आली, ती कायमची. आई-वडील दिवसभर शेतात, त्यामुळे माझी वेणी, माझा डबा, माझा ताप, सगळं तिच्याकडे. मला ती 'अव्वा' म्हणायची. कानडीत आईला म्हणतात ते. आमच्याकडे लाडानं लेकीलाही म्हणतात. शाळेतून आल्यावर तिचा पहिला प्रश्न एकच असायचा, "ऊटा?" म्हणजे जेवलीस का. अभ्यास झाला का, मार्क किती पडले, हे तिनं कधी विचारलं नाही.

आत्याचा एक नेम होता. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती भिंतीशी बसायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायची, त्यावर पाणी, भस्म, एखादं फूल वाहायची आणि मग बराच वेळ नुसती त्याच्याकडे बघत राहायची. ही पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे. आमच्यात जुनी माणसं असंच करतात, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आत्याला लकवा मारला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, आणि मराठी तर जिभेवर येईचना. जे यायचं ते कानडी, तेही अर्धं तोंडातच राहणारं. तिला उचलायला, कूस बदलायला दोन माणसं लागायची. आईच्या कंबरेचं दुखणं जुनं. शेवटी धाराशिवला, माझ्या होस्टेलपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर, एक निवासी सेवा केंद्र होतं तिथं तिला ठेवलं. गावात लोक बोलायचे ते बोललेच. "पोरीला शिकीवली आन् बहिणीला टाकली," असं वडिलांच्या तोंडावर म्हणणारेही निघाले. वडील फक्त मला सांगायचे, "तू हायस न्हवं तिथं? मग झालं."

केंद्रात भेटीची वेळ रविवारी संध्याकाळी होती. पण तिथले जुने व्यवस्थापक मला रोज सकाळी कॉलेजच्या आधी आत सोडायचे. मी आत्याचे केस विंचरायची, कपाळाला विभूती लावायची आणि तिची पूजा घडवायची. तिचा डावा हात निर्जीव. तळहात उघडून ठेवला तरी बोटं आपोआप आत वळायची आणि लिंग घरंगळेल अशी भीती वाटायची. म्हणून मी माझा हात तिच्या हाताखाली धरायची, तिची बोटं माझ्या अंगठ्यानं अलगद दाबून ठेवायची, आणि ती उजव्या हातानं पाणी घालायची. पूजा झाली की मी तिला खीर किंवा पेज भरवायची आणि कॉलेजला पळायची. खरं सांगायचं तर तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. केस विंचरणं जसं एक काम, तसंच हेही.

श्रावणात केंद्रात तापाची साथ आली. दोन वृद्धांना दवाखान्यात हलवावं लागलं. तेवढ्यात जुने व्यवस्थापक बदलून गेले आणि नव्या मॅडम आल्या. त्यांनी फाटकावर कागद लावला, पुढची सूचना मिळेपर्यंत भेट बंद. मी दुसऱ्या दिवशी गेले तर फाटकावरच्या काकांनी हातातली काठी आडवी धरली.

"काका, मी रोजची आहे ना."

"रोजची हायस म्हणूनच तर वळखतो. पर भेट बंद म्हंजे बंद, ताई. परवा माझा सख्खा सासरा आला हुता त्याच्या भावाला बघाया, त्याला बी सोडलं न्हाय म्या."

मला कोणापुढे बोलता येत नाही. ऑफिसच्या खिडकीपर्यंत जाऊनही मी तशीच मागे यायची. मी रोज जायची, "भेटू द्या ना" म्हणायची, काका "भेट बंद" म्हणायचे, आणि मी परत फिरायची. वडीलही एकदा सास्तूरहून पहिल्या एसटीनं आले आणि फाटकावरून तसेच परत गेले. माझ्यासारखे आणखी काहीजण फाटकाबाहेर घुटमळत असायचे. एक निवृत्त मास्तर होते, त्यांचा धाकटा भाऊ आत होता. त्याची दाढी मास्तरच करायचे. दुसऱ्या कोणाच्या हातात वस्तरा दिसला की तो ओरडायचा. मास्तर पिशवीत दाढीचं सामान घेऊन यायचे आणि तसंच घेऊन जायचे.

मग केंद्रातून फोन आला. आत्या जेवत नव्हती. सकाळी चमचा पुढे केला की ती ओठ मिटून घ्यायची. दुपारी बळंच काही पोटात गेलं तर गेलं. सलाईन लावलं होतं. सिस्टर चांगल्या होत्या, पण त्या म्हणाल्या, "असंच राहिलं तर नाकातून नळी घालायला दवाखान्यात हलवावं लागेल. या वयात, या साथीत... तयारी ठेवा." फोन ठेवल्यावर मी होस्टेलच्या जिन्यात बसून राहिले. मला वाटलं, आत्या रुसली. आपण तिला टाकून दिलं असं तिला वाटलं असणार, आणि तिनं जगायचं सोडून दिलं. मनात आलं, जिनं आयुष्यात एक दिवसही पूजा चुकवली नाही, तिच्यावर ही वेळ येते, मग ती पूजा पोचत होती तरी कुठे? हा प्रश्न मी रागानं विचारला नव्हता. पण विचारला होता.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार होता. सकाळीच आईचा फोन आला. "आज तरी लिंग गळ्यात हाय का न्हाय?" मी "आहे" म्हणाले आणि खोटं ठरायला नको म्हणून फोन कानाला लावूनच पेटी उघडली, रुमाल सोडला आणि डबीचा दोरा गळ्यात घातला. तेवढ्यापुरतंच. मग केंद्राकडे निघाले. आत सोडणार नाहीत हे माहीत होतं, तरी पाय तिकडेच वळले.

फाटकात एक दूधवाली बाई कॅन उतरवत होती. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. काका मला बघून म्हणाले, "ताई, उगं रोज येरझाऱ्या कशाला? म्या सासऱ्याला सोडलं न्हाय, ते तुला सोडीन व्हय?"

दूधवाली कॅन ठेवता ठेवता म्हणाली, "सासऱ्याला काय, संधी घावली तर कुणीबी सोडत न्हाय. त्यात काय मोठी फुशारकी सांगताय!" काका हसले. मग ती माझ्याकडे वळली. "तुझं कोण हाय आत?"

"आत्या. मागच्या खोलीत, खिडकीजवळ."

"ती चांदीची डबीवाली म्हातारी व्हय? मग हितं काय करतीस? त्या बांधानं मागं जा. तारंच्या कुंपणाला लागूनच खिडकी हाय तिची. आत जायाला बंदी हाय, वावरात हुबं ऱ्हायाला न्हाय. चल, दावते."

तिच्या मागोमाग मी सोयाबीनच्या कडेनं गेले. कुंपणापलीकडे, हातभर गवत सोडून, खरंच आत्याची खिडकी होती. उघडी, नुसती जाळी लावलेली. आत्याला उशांना टेकवून बसवलं होतं. काम करणारी मावशी वाटी घेऊन तिच्यापुढे उभी होती. आत्यानं ओठ घट्ट मिटले होते. आणि तिचा उजवा हात गळ्यातल्या डबीशी झटत होता. एका हातानं ती डबी उघडेना. मग तिनं तो हात खाली आणला, डावा हात मनगटाला धरून उचलला, मांडीवर उताणा ठेवला. बोटं आत वळली. तिनं ती पुन्हा सरळ केली. ती पुन्हा वळली.

मावशी म्हणत होती, "आजी, हाताचं मग बघू. आधी खावा की."

आत्या रुसली नव्हती. तिची पूजा राहिली होती.

ही एवढी साधी गोष्ट मी फाटकावर कोणाला सांगितलीच नव्हती. आणि सांगणार तरी काय? आमच्या घरात ती सांगायची गोष्टच नव्हती. मी रोज भेट मागत होते, आणि भेट तर सगळ्यांचीच बंद होती.

मी "आत्या" अशी हाक मारली. तिनं पाहिलं. पुढे जे केलं ते ठरवून केलं असं मला म्हणता येणार नाही. मी गळ्यातली डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि तो हात कुंपणाच्या तारेवरून, तिला दिसेल असा, पुढे धरला. जवळ काहीच नव्हतं. दूधवालीनं न विचारता कमरेची पाण्याची बाटली काढून दिली आणि कुंपणावर आलेल्या कण्हेरीचं एक फूल तोडून माझ्या उजव्या हातात ठेवलं. "मी जाते बाय, पुढची घरं खोळंबलीत," म्हणाली आणि बाटली मागे ठेवून गेलीसुद्धा.

मी पाणी घातलं. फूल वाहिलं. उभ्या उभ्या, चिखलात, विभूतीशिवाय. आत आत्याचा झटणारा हात थांबला. तिनं उजव्या हातानं आपली डावी बोटं उघडी धरून ठेवली आणि माझ्या तळहाताकडे बघत राहिली, भिंतीशी बसून बघायची तशीच. तिचे ओठ हलत होते. माझेही हलत होते, हे मला नंतर जाणवलं. किती वेळ गेला माहीत नाही. त्या दिवशी मला घड्याळ आठवलं नाही.

मग आत्यानं मावशीकडे मान वळवली आणि तोंड उघडलं.

मावशी मोठ्यानं ओरडली, "मॅडम, आजी खायला लागली!" आणि थोड्या वेळानं मास्क लावलेल्या मॅडम केंद्राला वळसा घालून कुंपणाशी आल्या. "कोण गं तू? इथं काय चाललंय?"

या वेळी माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं. "मॅडम, मी भेटायला नव्हते येत. मी तिचा हात धरायला येत होते."

त्यांना काही कळलं नाही, हे स्वाभाविकच होतं. मग मी सगळं सांगितलं, अडखळत. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. आत्या पेज गिळत होती आणि तिचा डावा हात अजून तसाच, उजव्यानं उघडून धरलेला.

"हे आधी का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "इथं दोन माणसं दवाखान्यात आहेत. दार उघडून तिसरं गेलं तर लोक मलाच विचारणार ना?" मी मान हलवली. त्यांचंही खरं होतं. त्यांनी पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी ये. मास्क लाव, हात धू, ताप तपासून घे, आणि थेट तिच्याच खोलीत. दुसरीकडे फिरायचं नाही." जाता जाता वळून त्यांनी विचारलं, "तुझ्यासारखं आणखी कोण असतं गेटवर?"

मी मास्तरांचं सांगितलं.

त्या आठवड्यात फाटकावरचा कागद बदलला. पाहुण्यांची भेट अजून बंदच होती, पण ज्याच्या हातानं आतल्या माणसाचं रोजचं काही होतं, अशा घरच्या एका माणसाला आत सोडायचं ठरलं. साथ सरल्यावरही मॅडमनी तो नियम तसाच ठेवला. मास्तर दाढीचं सामान घेऊन आत जाताना काकांनी काठी खाली घेतली आणि म्हणाले, "मास्तर, आत माझ्या सासऱ्याचा भाऊ हाय, त्याची बी करा जमली तर."

ती दूधवाली पुढे मला दोन-तीनदा दिसली. ती कोणी अवतार वगैरे नव्हती, बाटली परत दिली तर "झाकण कुठंय?" म्हणून माझ्यावर खेकसली. तिला बहुधा तो दिवस आठवतही नसेल. आणि तरी, नेमक्या त्याच सकाळी आईचा फोन यावा, लिंग गळ्यात असावं, ती फाटकात भेटावी, हे कसं जुळलं ते मला सांगता येत नाही. मी ते जुळवलं नव्हतं, एवढं मात्र नक्की. कॉलेजात आम्हाला कारण शोधायला शिकवतात. इथं मी ते शोधत नाही, हात जोडते.

आत्याचा हात सुधारलेला नाही, आणि डॉक्टरांच्या मते सुधारणार नाही. मी पुन्हा रोज सकाळी जाते. माझ्या तळहातावर तिचा तळहात, आणि त्यावर लिंग. पाणी घातलं की ते तिच्या बोटांतून निथळून माझ्या हातात येतं. इतके दिवस ते येतच होतं. माझं लक्ष नव्हतं. शरण जाणं म्हणजे सगळं सोडून कुठंतरी निघून जाणं, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, आपला हात खाली, उघडा, स्थिर धरून ठेवणं, एवढंच आपल्याकडे असतं. वर काय ठेवायचं ते ठेवणारा ठेवतो.

हल्ली मीही काही न खाता जाते. परवा पूजा झाली, मी पेजेचा चमचा पुढे केला. आत्यानं तो घेतला नाही. मी घाबरले. तिनं उजवा हात उचलला, माझ्या गळ्यातली डबी चाचपली, आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच, जड पण स्वच्छ आवाजात विचारलं,

"अव्वा... ऊटा?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझा चमचा धरलेला हात माझ्याच तोंडाकडे वळवला. पहिला घास मी खाल्ला, मग तिनं.