कोरडी टाकी

जेवण अंगावर येतं. उन्हं कलली की टाकीची भोकं बुजवायची असं ठरवून मी पडवीत चटईवर आडवा होतो. टाकी अंगणात दोन विटांवर ठेवली आहे, तोंड उघडं. बासष्टच्या फियाटची पेट्रोलची टाकी. आतून इतकी गंजलेली की गॅरेजवाल्या चौगुल्यांनी सरळ भंगारात घाला म्हणून सांगितलं होतं. मी ऐकतोय थोडाच. आत खडे आणि साखळी घालून हलवली, ॲसिडनं धुतली, सोड्यानं धुतली, वाळवली. आता तळाला सुईच्या टोकाएवढी दोन भोकं तेवढी राहिली आहेत, आणि चौगुल्यांकडूनच मागून आणलेला गॅस वेल्डिंगचा संच शेजारी तयार आहे. जोड द्यायच्या आधी टाकी पाण्यानं भरून घ्या, आत पेट्रोलची वाफ राहिली असेल तर बॉम्बसारखी फुटेल, असं त्यांनी बजावलंय. पण एवढा घाम गाळून काढलेला गंज पाणी घालून परत बोलवायचा? आत पेट्रोलचा मागमूस नाही. मी हुंगून पाहिलंय.

डोळे मिटतात, आणि अंगणात कुणीतरी टाकी हुंगतंय.

शशिकला आहे, माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं हे मला झोपेतही ठाऊक आहे, तरी ती पदर खोचून टाकीपाशी उकिडवी बसली आहे याचं मला नवल वाटत नाही. नवल एवढंच की तिनं टाकीला हात लावलाय. फियाटला ती सवत म्हणायची आणि सवतीपासून चार हात लांब राहायची.

"वास येतोय," ती म्हणते.

"मला नाही येत."

"तुम्हाला कशाचा येतो?"

खरं आहे. मागे तापातून उठलो तेव्हापासून माझं नाक गेलंय. दूध करपलं, शेगडी चालू राहिली, सगळं तीच सांगायची. मग मघाशी हुंगून काय पाहिलंत, असं ती विचारत नाही, नुसती बघते. मला त्या बघण्याचा राग येतो. संसारभर येत आलाय.

टाकी मोरीत आहे. शशिकला तांब्यातांब्यानं पाणी ओततेय आणि ते खालच्या भोकांतून वाहून जातंय. माझ्या हातात गॅसची नळी आहे आणि तिच्या टोकाला निळी ज्योत. मी ती पेटवलेली नाही. बंद कशी करायची तेही आठवत नाही. पाण्यानं टाकी पुन्हा गंजेल, असं मी तिला सांगतो.

"गंजू दे," ती म्हणते.

मोरीच्या भिंती हिरव्या आहेत, दवाखान्याच्या व्हरांड्यासारख्या. व्हरांडाच आहे. तिच्या शेवटच्या आठवड्यात मी बसायचो त्या बाकावर टाकी ठेवलेली आहे आणि भिंतीला ऑक्सिजनची नळकांडी ओळीनं टेकवली आहेत. ज्योत माझा हात टाकीच्या तोंडाकडे ओढतेय. मी मागे घेऊ बघतो, हात येत नाही. शशिकला पाणी आणायला व्हरांड्याच्या टोकाला जाते, परत येते, ओतते, पुन्हा जाते. दर खेपेला नळ थोडा लांब गेलेला असतो. ती धावायला लागते. दुखण्यात तिला दोन पावलं टाकवत नव्हती, आणि आता ती माझ्यासाठी धावतेय. मी घाबरलोय. पण या भीतीत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटतंय, आणि ते मी बोलून टाकतो.

"राहू दे. फुटली तर फुटली. तुझ्याकडे येईन."

ती जागीच थांबते. इतकं रागावलेलं मी तिला कधी पाहिलं नाही.

"मी तुम्हाला न्यायला आले नाहीये. असल्या कामाला माझं नाव पुढे करू नका."

"घरात करमत नाही गं."

"नसेल करमत. म्हणून जाळून घ्यायचं?"

मला रडू फुटतं. तिला त्यासाठी सवड नाही. कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा ती तळहातावर मळते आणि टाकीच्या बुडाशी दाबते. गळकी बादली ती अशीच बुजवायची. मग पुन्हा ओतायला लागते. आता पाणी वाहून जात नाही. आतला आवाज हळूहळू बदलतो, पोकळ होता तो भरत येतो. ज्योत तोंडापासून वीतभर आहे, मग चार बोटं. मी हाताला हिसडे देतो. अजून एक तांब्या, ती म्हणते, हलू नका. पाणी काठाशी येतं आणि ज्योत त्याला टेकते.

चर्र.

मी पडवीत उठून बसलोय. ऊन अजून कललेलं नाही. फाटकाची कडी आतून लावलेली, मीच लावली होती. हात कोरडे आहेत. चप्पल न घालताच मी अंगणात जातो.

टाकी काठोकाठ भरलेली आहे. पाण्यावर तेलकट, सप्तरंगी तवंग पसरलाय. म्हणजे पेट्रोल होतं, टाकीच्या आतल्या पत्र्याच्या पडद्यांमागे कुठेतरी दडून बसलेलं. मी तिथेच जमिनीवर बसतो आणि टाकीखाली हात घालून चाचपतो. दोन्ही भोकांवर साबण दाबून बसवलेला आहे, अजून मऊ. एकावर अंगठा उमटलाय. मी माझा अंगठा त्यात ठेवून बघतो. तो मावत नाही.