दोन घरची मांजर

आमच्या घरात मांजर पाळायची असं कुणी ठरवलेलं नव्हतं. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावात आमचं घर. आम्ही जैन. थोडा ऊस होता आणि वडील शेंगांचा लहानसा व्यापार करायचे. पुढच्या खोलीत भुईमुगाच्या शेंगांची पोती आढ्याला लागेपर्यंत रचलेली असायची आणि त्या पोत्यांना उंदीर लागायचे. वडील उंदरांवर औषध घालू देत नसत, सापळाही नको म्हणत. त्यामुळं थंडीच्या दिवसांत एक करड्या पट्ट्यांची, अर्धवट वाढलेली मांजर परसदारी येऊन बसू लागली, तेव्हा तिला कुणी हाकललं नाही. ती कशाच्या उपयोगाची आहे हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच ते बोलून दाखवत नव्हतं. आई फक्त एवढंच म्हणाली, "आमच्यात ती आमचं खाईल. भाईर काय खाती ते तिचं तिला."

तिचं सगळं करणं माझ्याकडं आलं. मी तेव्हा पाचवीत होते. सकाळी धार काढून झाली की भाकरीचा वरचा पापुद्रा दुधात कुस्करून नारळाच्या करवंटीत द्यायचा. दूध कोमट हवं. जरा गरम असलं की ती जीभ लावून मागं सरायची आणि माझ्याकडं अशी बघायची की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. तिच्या मानेत पिसवा झाल्या तेव्हा मी माझ्याच फणीनं त्या काढल्या. आईनं ती फणी बंबात टाकली आणि मला चार दिवस शेजारणीची फणी मागून वेणी घालावी लागली. कानात खाज उठली की करंजीच्या तेलाचं बोट फिरवायचं, पंज्यात काटा शिरला की फडक्यात गुंडाळून धरायचं, हे मी बघून बघून शिकले. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायची, म्हणून तिचंही जेवण तेव्हाच. रात्री ती माझ्या वाकळंत शिरायची आणि पायाशी गोळा होऊन घुरघुरायची. सगळ्या घरात माझं म्हणावं असं पहिल्यांदाच काहीतरी झालं होतं.

फक्त रविवारी ती नसायची. सकाळचं दूध प्यायची आणि जी जायची, ती अंधार पडता पडता यायची. मला वाटायचं, शेतात जात असेल.

आमच्या आणि शेजाऱ्यांच्या परसांच्या मध्ये एक मातीची भिंत होती, माझ्या हनुवटीएवढी. पलीकडच्या घरातले काका मिलिटरीत होते. काकी फलटणकडच्या, मोकळ्या गळ्याच्या. त्यांना एकच मुलगी, माझ्या वर्गातली, माझ्याच बाकावर बसणारी. तिच्याबद्दल माझ्या मनात आधीपासूनच काहीतरी खुपत होतं. काका रजेवर आले की हिरव्या रंगाची ट्रंक घेऊन यायचे आणि त्या ट्रंकेतून तिच्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट, डब्यातलं घट्ट गोड दूध, कुठल्याशा डोंगरातली लोकरीची टोपी असं काय काय निघायचं. माझे वडील रोज संध्याकाळी घरी येत, त्यामुळं ते काहीच आणत नसत. तिचे केसही माझ्यापेक्षा लांब होते. पण मांजर माझी होती. ते एक माझ्याकडं होतं आणि तिच्याकडं नव्हतं.

एका रविवारी मी परसात वाळत घातलेले कपडे काढत होते. पलीकडून मसाल्याचा खमंग वास येत होता. आमच्यात त्या वासाला दार लावून घ्यायची पद्धत होती. मी भिंतीपलीकडं पाहिलं. चुलीजवळच्या पायरीवर ती मुलगी बसली होती आणि तिच्या मांडीला टेकून माझी मांजर हाड चघळत होती. डोळे मिटलेले, शेपटी सैल. मुलगी तिला वेगळ्याच नावानं हाक मारत होती आणि मांजर त्या नावाला कान हलवत होती.

मला काय झालं ते सांगणं कठीण आहे. तिनं हाड खाल्लं याचं मला काही वाटलं नाही. ती त्या पायरीवर इतक्या निवांतपणे बसली होती, त्याचं वाटलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या गळ्यात लाल रिबीन आणि बारीक घुंगरू होतं. मी रिबीन सोडली आणि भिंतीवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पाहिलं तर घुंगरू पुन्हा गळ्यात. मी पुन्हा सोडलं. शाळेत बाकावर आम्ही मांडीला मांडी लावून बसायचो आणि या विषयावर एक अक्षर बोलायचो नाही. शेवटी आईनंच ते घुंगरू फेकून दिलं. घुंगराच्या आवाजानं उंदीर सावध होतात, असं काही ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की रात्री झोपमोड होते.

मग मी तिला जिंकायला निघाले. भाकरीवर तूप घालू लागले. दुधावरची साय आईच्या नकळत करवंटीत जाऊ लागली. लोणी काढायच्या दिवशी लोण्याचा गोळाही. मांजरीनं सगळं आवडीनं खाल्लं आणि रविवारी भिंतीवरून गेली. पुढच्या आठवड्यात तिचं पोट बिघडलं. घरभर घाण केली, खाणं सोडलं, परसदारातल्या बंबामागं मान टाकून पडून राहिली. मी राख टाकून जमीन पुसत होते आणि रडत होते. तेवढ्यात भिंतीवरून काकींनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं नाही, आईनं सांगितलं. काकी म्हणाल्या, "लय साय घातलीया व्हय गं? मांजराला सोसत न्हाई ती. आज कायबी देऊ नगं, उद्या ताकात भात कालवून दे, अगदी पातळ." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांच्यामागं ती मुलगी उभी होती आणि मान उंचावून बंबामागं बघायचा प्रयत्न करत होती. मी मुद्दाम मध्ये उभी राहिले. दोन दिवसांनी ताक-भातानं मांजर उठली. मला आनंद झाला, पण उपाय त्यांच्या घरातून आला होता हे काही मला गिळता येईना.

उन्हाळा लागायच्या सुमारास तिचं पोट वाढलेलं दिसू लागलं. आता ती कुठं विणार, हा आम्हा दोघींच्या मनातला प्रश्न झाला. पलीकडं काय तयारी चालली आहे ते मी भिंतीवरून रोज पाहत होते. त्यांच्या पडवीत एक लाकडी खोकं आलं, त्यात काकांचं जुनं मिलिटरीचं ब्लँकेट घडी करून घातलं गेलं. मी आईचं जुनं लुगडं मागून घेतलं, एका पसरट टोपलीत अंथरलं आणि टोपली पोत्यांच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. रोज शाळेतून आले की आधी तिथं जाऊन बघायची.

मांजरीनं टोपलीकडं ढुंकून पाहिलं नाही. वडिलांच्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, तिथं खालच्या खणात, त्यांच्या धुतलेल्या धोतरावर तिनं चार पिल्लं घातली. वडील अंघोळ करून आले, खाली वाकले आणि तसेच मागं सरले. त्या दिवशी ते जुनं धोतर नेसून पेठेत गेले. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं. कपाट का असेना, आमच्या घरातलं होतं.

बातमी पलीकडं गेलीच. ती मुलगी बघायला आली. मी तिला उंबऱ्यावर थांबवलं, पाय धुवायला लावले आणि मग कपाटापासून लांब उभी करून म्हटलं, इथनंच बघ, तिला माणसं आवडत नाहीत. मुलगी खूप वेळ बघत राहिली. जाताना तिनं परकराच्या ओच्यातून कागदाची पुडी काढून आईच्या हातात दिली. त्यात बाळंतिणीसाठी म्हणून काकींनी दिलेला गूळ-खोबऱ्याचा तुकडा होता. आई हसली. मला हसू आलं नाही.

पिल्लांचे डोळे उघडले त्या सकाळी मांजर बेचैन होती. कपाटातून बाहेर यायची, परसात जायची, परत यायची. मी शाळेला निघाले तेव्हा चारही पिल्लं जागेवर होती. दुपारी परत आले तर आई परसदारात उभी होती आणि भिंतीवरून मांजर जात होती. तोंडात पिल्लू, त्याचे पाय लोंबत होते. मी कपाटाकडं धावले. खणात एकच उरलं होतं, सगळ्यात बारकं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. मी ते उचलून परकरात घेतलं आणि कपाटाशेजारच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

मांजर परत आली. कपाटात शिरली, सगळं धोतर हुंगलं, बाहेर आली. मग माझ्या पुढ्यात येऊन बसली आणि ओरडू लागली. तसला आवाज तिनं कधी काढला नव्हता. परकरातलं पिल्लूही ओरडू लागलं. आई आत आली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याजवळ टेकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "दे तिला. तिचं लेकरू हाय ते. कुठं न्यायचं ते ती ठरवंल."

मी परकर सोडला. मांजरीनं पिल्लाची मान धरली आणि माझ्याकडं न बघता गेली.

मांजर पिल्लांची घरं बदलत असते, हे मला ठाऊक होतं. उद्या तिथूनही हलवेल, आईनं समजूत घातली. पण तिनं हलवलं नाही. त्या खोक्यात, त्या ब्लँकेटवर पिल्लं वाढू लागली. मी भिंतीकडं जाणं सोडलं. शाळेत बाक बदलून घेतला. रात्री पायाशी मोकळं लागायचं, मग मी पाय पोटाशी घेऊन झोपायची. पलीकडून कधी त्या मुलीच्या हसण्याचा आवाज आला की मला वाटायचं, ती मला ऐकू यावं म्हणूनच हसते आहे.

पावसाळ्याच्या तोंडाला काका रजेवर आले. या खेपेला ते काकींना आणि मुलीला बरोबर न्यायला आले होते. त्यांना छावणीत क्वार्टर मिळालं होतं, लांब, पंजाबकडं कुठंतरी. काकी निरोपाला आल्या, आईजवळ बसून रडल्या. पिल्लांपैकी दोन पिठाच्या गिरणीत गेली होती, एक एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात. ठिपक्याचं पिल्लू बरोबर न्यायचं म्हणून मुलीनं जेवण सोडलं होतं, पण आगगाडीच्या तेवढ्या प्रवासात ते जगणार नाही, असं काकांनी तिला सांगितलं होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी ती भिंतीशी आली आणि तिनं मला हाक मारली. तिच्या हातात ते ब्लँकेट होतं, त्यात ठिपक्याचं पिल्लू. तिनं ते माझ्या हातात दिलं. मग भिंतीच्या मातीत नखानं रेघ ओढत म्हणाली, "तुझ्याजवळ ती झोपाय यायची. आमच्यात नुसती खायाला. मी किती येळा दार उघडं ठेवून झोपले. पिल्लं पडवीत असूनबी एकदाबी आत आली न्हाई."

मी इतके दिवस जिच्यावर जळत होते, ती भिंतीपलीकडं पडून माझ्या वाकळेचा विचार करत होती, हे माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला तिची कीव येण्याआधी बरं वाटलं.

ते गेले. घराला कुलूप लागलं. आता मांजर आणि पिल्लू दोन्ही पूर्णपणे माझी झाली. ती पहिल्यासारखी वाकळंत येऊ लागली. पण रविवार आला की ती भिंतीवर चढायची आणि त्या बंद दाराकडं तोंड करून बसायची. हाक मारली तरी वळायची नाही. मी दुधाची करवंटी भिंतीवर ठेवून पाहिली. तिनं वास घेतला आणि पुन्हा दाराकडं बघू लागली. तेव्हा मला पुन्हा तसंच झालं, त्या पायरीवर तिला पाहिलं तेव्हासारखं. इथं नसलेल्या मुलीवर कसं जळायचं, हे मला कळेना, पण मी जळत होते. पुढं पुढं ती भिंतीवरून उतरून बाजाराकडं जायला लागली. रविवारी सकाळी त्या वासापायी परसदार आधी बंद असायचं, ते आता आई स्वतः उघडं ठेवू लागली. ती कुठं जाते हे आईनं कधी विचारलं नाही.

ठिपक्याचं पिल्लू बोका होऊन एका पावसाळ्यात निघून गेलं. मांजर राहिली. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी, लग्नसराईत, काकी आणि त्यांची मुलगी गावात आल्या. मुलगी उंच झाली होती, बोलताना मध्येच हिंदी शब्द घालत होती. आईनं त्यांना चहाला बोलावलं. मांजर माझ्याजवळ पोत्यावर झोपली होती. कुत्र्यानं धरल्यापासून तिला एका डोळ्यानं कमी दिसायचं, दात पडले होते. मुलीनं लांबूनच त्या जुन्या नावानं हाक मारली. मांजरीनं मान वर केली, थोडा वेळ हवेत वास घेतला, उठली आणि अडखळत जाऊन तिच्या मांडीवर बसली.

मी चहाचे कप उचलून आत गेले. चुलीपुढं उगीचच भांडी, साखरेचा डबा हलवत राहिले. आई म्हणाली, साखर संपली नाही, डबा का वाजवतेस.

बाहेर आले तेव्हा मुलगी मांजरीचा जबडा हलकेच उघडून बघत होती. आता ही काय खाते, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, भात अगदी मऊ शिजवून, दुधात बोटानं कालवून. थंडीत बंबाजवळ पोतं घालावं लागतं. डोळ्यात चिकटा येतो तो कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसायचा, पण डाव्या बाजूनं हात नेला की ती दचकते. तिनं पुढं विचारलं, मी पुढं सांगत गेले. कधी आजारी पडली, कुत्र्यानं कधी धरली, नंतर किती पिल्लं झाली, कुठल्या वेतातली जगली नाहीत. आमच्या घरात हे सगळं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. काकी एसटीची वेळ झाली म्हणून उठल्या तरी ती बसून होती. मीही तिला उठ म्हटलं नाही. मांजर तिच्या मांडीवर झोपून गेली होती आणि आम्ही दोघी तिच्या अंगावरून हात फिरवत होतो, ती मानेवरून, मी पाठीवरून.